नाशिकला अवंती आमच्या आधीच येऊन गेली होती

नाशिकला जायचं ठरलं ते अवंतीच्या एका मेसेजवर. ‘पुस्तक महोत्सवात माझी दोन सत्रं आहेत, शनिवारी आणि रविवारी. आयोजक गाडी पाठवतो म्हणतायत, पण मला ओळखीच्या माणसाबरोबर यायचंय. गाडी तू चालव, मिसळ माझ्याकडून.’ मी लगेच हो म्हटलं. जानेवारीतलं नाशिक, नुकतीच आलेली द्राक्षं, तीन दिवस पुस्तकं आणि गप्पा! ‘ओळखीच्या माणसाबरोबर’ हे शब्द मी वाचले, पण त्यावर थांबले नाही.

या ब्लॉगवर पहिल्यांदा आलेल्यांसाठी सांगते. अवंती माझी हॉस्टेलमधली रूममेट, आता राजकीय पत्रकार. गेल्या वर्षी तिचं पुस्तक आलं. नाशिकजवळच्या एका गावात निवडणुकीच्या तोंडावर म्हाताऱ्या शेतकऱ्यांना गाडीत बसवून एका बंगल्यावर नेलं जायचं, आणि ते घरी परतायचे तेव्हा त्यांची जमीन दुसऱ्याची झालेली असायची, त्याची ही हकिकत. त्या गाडीचा ड्रायव्हर म्हणजे पुस्तकाचा कणा. बंगल्यात कोण बसलेलं असायचं, हे सांगणारा तो एकटाच. पुस्तकात त्याचं नाव बदललेलं होतं. पुस्तक गाजलं, चौकशी बसली, आणि पुढच्या महिन्यात त्याला चौकशी अधिकाऱ्यांसमोर जबाब द्यायचा होता. मीही इथे सगळ्यांची नावं बदलली आहेत. काही गावांची नावं मुद्दामच गाळली आहेत. पण ‘हे लिही’ असं मला सांगितलं ते अवंतीनंच.

शुक्रवारी उजाडता उजाडता ठाणं सोडलं. शहापूरपर्यंत रस्त्याची कामं अजून चालू आहेत, तेव्हा हाताशी वेळ ठेवूनच निघा. कसारा घाटात धुकं इतकं होतं की पुढच्या ट्रकचे लाल दिवेच तेवढे दिसत होते. अवंती गाणी लावत होती, मध्येच बंद करून राजकारणातले किस्से सांगत होती. घोटीला चहासाठी थांबलो. इथला तांदूळ चांगला मिळतो, भातगिरण्यांच्या आसपासच्या दुकानांतून घ्यावा, महामार्गावरच्या टपऱ्यांवरून नको.

चहाच्या गाड्यावर एक बाई होत्या. आम्ही बाकावर टेकलो तोच त्या अवंतीकडे बघून म्हणाल्या, “बिनसाखरेचाच ना मॅडम? कालच्यावानी?”

अवंती चहा बिनसाखरेचाच घेते. ती हसली. “काल मी नव्हते हो इथे.”

“आँ?” बाईंनी हातातलं गाळणं तसंच धरून तिला नीट पाहिलं. “मग दुसरं कोणी आसंल. आशीच निळी ओढणी व्हती. चष्मा आसाच डोक्यावर.” आणि त्यांनी चहा ओतला, बिनसाखरेचा.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, “तुझी फॅशन घोटीपर्यंत पोचली बघ.” अवंती हसली, पण तिनं चष्मा डोक्यावरून काढून डोळ्यांवर घातला.

नाशिकमध्ये आमची राहायची सोय कॉलेज रोडजवळच्या एका साध्या हॉटेलात होती. खोल्या स्वच्छ, नाश्ता धरून भाडं परवडण्यासारखं, आणि महोत्सवाचं मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. सामान टाकून थेट तिकडे गेलो. मोठे मांडव, पुस्तकांचे दोनेकशे गाळे असावेत, मधल्या वाटेवर खाण्याचे स्टॉल. पाहुण्यांच्या टेबलाशी पांढऱ्या केसांचे एक स्वयंसेवक काका बसले होते. अवंतीनं नाव सांगितलं.

“मॅडम, तुमचं ओळखपत्र सकाळीच नेलंत की तुम्ही.”

“मी आत्ता पोचतेय, काका.”

“अहो, मीच दिलं तुमच्या हातात.” काका हसत होते. आपली थट्टा चालली आहे असं त्यांना वाटत असावं. “घसा बसला होता तुमचा. मास्क होता. मी म्हटलंसुद्धा, रविवारपर्यंत आवाज सांभाळा. आता बरा वाटतोय.”

“दुसऱ्या कोणी बाई असतील.”

काकांचं हसू हळूहळू गेलं. “असेल बुवा,” असं म्हणत त्यांनी दुसरं ओळखपत्र करून दिलं. पण आम्ही निघालो तरी ते मान वळवून बघत राहिले. मला जाणवलं, की ते त्या सकाळच्या बाईला आठवून हिच्याशी ताडून बघत नव्हते. या दोघींतली खरी कोण, असा प्रश्न त्यांना पडला होता.

आयोजकांची गडबड असणार, असं आम्ही एकमेकींना सांगितलं. दुपारी उलटा वडापाव खाल्ला. इथे वड्याचं सारण पावात भरून अख्खा पावच पिठात बुडवून तळतात, एकटीनं एक संपवायच्या फंदात पडू नका. मग गंगेवर गेलो. गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात. घाटावर ऊन खात म्हातारी माणसं बसली होती. अवंती पायऱ्यांवर बसली, पण पाठ भिंतीला लावून. मागून कोणी येऊ शकणार नाही अशी जागा तिनं निवडली होती. मी विचारलं, “काही झालंय का?” ती म्हणाली, “महिनाभर कोणीतरी माझ्या पुढे चालल्यासारखं वाटतंय. मी फोन करायच्या आधीच लोकांना माझा फोन येऊन गेलेला असतो. मागच्या आठवड्यात एका संपादकांनी मला सांगितलं, ‘काल बोललो की आपण यावर.’ मला वाटलं, मीच दमलेय, विसरतेय.”

शनिवारची सकाळ गार आणि लख्ख होती. मखमलाबादच्या बाजूला द्राक्षबागेतल्या मिसळीला गेलो. झोपाळे, मडक्यातलं पाणी, काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, शेवटी जिलबी. पोट भरतं आणि खिशाला लागत नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र लवकर जा, नंतर रांग लागते.

अवंतीचं सत्र भरगच्च झालं. लोक मांडवाच्या कडेला उभे होते. ती बोलायला लागली की मला हॉस्टेलमधली तीच दिसते. चष्मा वर सरकवते, वाक्याच्या मध्ये थांबते, गळ्याशी दोन बोटं नेते. थोड्या वेळानं तिचा आवाज घोगरा झाला, म्हणून तिच्यासाठी कोमट पाणी आणायला मी बाहेर पडले. बाहेर खांबाखांबांवर कर्णे लावलेले होते, त्यामुळे तिचं बोलणं सगळ्या मैदानभर ऐकू येत होतं.

आणि पुस्तकांच्या गाळ्यांमधल्या वाटेनं अवंती चालली होती.

पाठमोरी. निळी ओढणी, डावा खांदा किंचित खाली, पिशवी कोपरात अडकवलेली. मी विचार न करता हाक मारली. “अवंती!”

ती वळली. जशी अवंती वळते तशीच, आधी मान, मग खांदे. चष्मा डोक्यावर सरकवला, गळ्याशी दोन बोटं नेली. चेहऱ्यावर मास्क नव्हता, आणि चेहरा अवंतीचा नव्हता. हे मी तुम्हाला अगदी स्पष्ट सांगते. दुसऱ्याच बाईचा चेहरा होता. पण माझ्याकडे बघून ती ओळखीचं हसली आणि म्हणाली, “मेधा, पाणी कोमटच घे गं. आलेच मी.”

त्याच वेळी डोक्यावरच्या कर्ण्यातून अवंतीचा आवाज येत होता. ती म्हणत होती, माणूस खरं बोलायच्या आधी एकदा तुमच्याकडे बघतो, ते बघणं चुकवायचं नाही.

समोरून एका शाळेची रांग आली, निळ्या स्वेटरातल्या मुली हात धरून चालल्या होत्या. रांग गेली तेव्हा वाट रिकामी होती. मी धावत टोकापर्यंत गेले. नकाशे विकणारा एकजण म्हणाला, “आत्ताच गेल्या की मॅडम, पार्किंगकडं.” पार्किंगमध्ये कोणी नव्हतं.

पाणी घेऊन परत आले तेव्हा सत्र संपलं होतं आणि अवंतीभोवती सह्या घेणाऱ्यांचा गराडा होता. नाशिकरोडच्या एक बाई पुस्तक पुढे करून म्हणत होत्या, “काल स्टॉलवर सही दिलीत ना मॅडम, पण माझं नाव चुकलंय. वर्षा आहे, तुम्ही वर्षाली लिहिलंत. तेवढं दुरुस्त करून द्याल?”

अवंतीनं पहिलं पान उघडलं आणि बघतच राहिली. मग तिनं नाव दुरुस्त केलं, खाली काही लिहिलं नाही, हसून पुस्तक परत दिलं. बाजूला आल्यावर मला म्हणाली, “सही माझीच आहे. मलासुद्धा फरक सांगता येणार नाही.”

मी तिला वाटेवरच्या बाईबद्दल सांगितलं. मी म्हटलं, “तिला माझं नाव माहीत होतं.” त्यावर तिनं माझा दंड धरला. “गाडी काढ. सिंधूताईंकडे जायचं.”

गाडीत तिनं मला जे सांगितलं ते तोवर तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. ड्रायव्हर, त्याला आपण दत्तू म्हणू, तो पुस्तक आल्यापासून देवळ्याकडे सासुरवाडीला जाऊन राहिला होता. त्याचा फोन बंद होता. तो कुठे आहे हे दोघींनाच ठाऊक होतं, अवंतीला आणि त्याच्या थोरल्या बहिणीला. ती बहीण म्हणजे सिंधूताई. त्यांच्याशी अवंतीची एकदाच भेट झाली होती, दीडदोन वर्षांपूर्वी. महोत्सवाच्या दिवसांत त्यांच्याकडे फिरकायचंही नाही, असं अवंतीनं ठरवलं होतं, कारण तिच्यावर लक्ष असणार. आता ते ठरवणं आम्ही मोडत होतो. मी सारखी आरशात बघत होते.

सिंधूताईंचं शेत शहराच्या हद्दीला लागूनच. एका बाजूला बांधकामाच्या क्रेन, दुसऱ्या बाजूला शेवंती आणि कोथिंबीर. त्या घरापुढच्या वट्यावर बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. आम्हाला बघून उठल्यासुद्धा नाहीत, इतक्या सहज म्हणाल्या, “या ताई. सर्दी गेली का? आज मास्क नाय लावला.”

अवंती पायरीवरच थांबली. “सिंधूताई, मी कधी आले होते?”

“परवा नाय का. आसं काय करता?” त्या हसल्या. “हितंच तर बसलात. माझ्यासंगं जुड्या बांधल्या तुम्ही. मी म्हटलं राहू द्या, तर म्हणल्या, सवय हाय मला. माझ्या गुडघ्याचं विचारलं. नातवाचं विचारलं. मागच्या बारीला तुम्ही निसत्या घाईत व्हत्या, पण परवा लय निवांत बोललो आपण.”

“दत्तूभाऊंबद्दल काही बोललो का?”

“तेच तर तुम्ही विचारलं. पत्त्याची चिठ्ठी हरवली म्हणल्या. म्हणल्या, जबाबाच्या आधी एकदा भेटायला पाहिजे. मी सांगितलं की नीट, कोणत्या फाट्यावरून...” सिंधूताईंचे हात थांबले. त्यांनी अवंतीकडे पाहिलं. ओढणी, चष्मा, चेहरा. बराच वेळ पाहिलं. हातातली जुडी सुटून मांडीवर पसरली.

“ताई,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “परवा तुम्ही नव्हत्या?”

अवंतीनं मान हलवली.

“म्या तिला जेवायला वाढलं.” सिंधूताई एवढंच म्हणाल्या. मग आत गेल्या, चप्पल घालून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “मी पण येते.” अवंतीनं त्यांना थांबवलं. दत्तूचा फोन आलाच तर उचलायला घरी कोणीतरी हवं होतं.

देवळ्याचा रस्ता एरवी मी तुम्हाला चवीनं सांगितला असता. द्वारका चौकात नेहमीप्रमाणे अडकलो. रिक्षा, ट्रक, एस.टी., सगळे हॉर्न वाजवत होते, आणि अवंती खिडकीची काच वर करून पुटपुटत होती, “चल ना, चल ना.” मग आग्रा महामार्गावर गाडी सुटली. ओझर, पिंपळगाव, द्राक्षांच्या पेट्या भरलेले टेम्पो. एक पांढरी गाडी बराच वेळ मागे होती. पिंपळगावला ती बाजाराकडे वळली तेव्हाच मी आरशावरून नजर काढली. चांदवडला महामार्ग सोडला. पुढे भावडबारीचा घाट छोटाच आहे, पण वळणं आहेत. घाट उतरला की दोन्ही बाजूंना कांदाच कांदा. रांगडा कांदा काढायचं काम चालू होतं, बायका वाफ्यांत वाकलेल्या होत्या. एवढं मोकळं रान, एवढं ऊन, आणि मला कुठेही बघायची भीती वाटत होती.

फाट्यावर एका दुकानदाराला रस्ता विचारायला अवंतीनं काच खाली केली. तिनं तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, “कालचाच रस्ता मॅडम. शाळेपासून डावीकडं.”

वस्तीवर पोचलो. पत्र्याचं घर, शेजारी उन्हाळ कांदा साठवायची रिकामी चाळ, समोर कांद्याचा ढीग. ढिगाशी एक माणूस कांदे निवडत बसला होता. अवंतीनं माझा हात घट्ट दाबला. “आहे,” ती म्हणाली. “मेधा, तो आहे.”

दत्तू चाळिशीचा, अंगानं बारीक. त्यानं आम्हाला पाहिलं, हातातला कांदा ढिगावर ठेवला आणि उठला. घाबरला नाही, की आनंदलाही नाही. बायकोला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. आम्ही खाटेवर बसलो.

“दत्तूभाऊ, काल इथे कोणी आलं होतं?”

“तुम्हीच आल्या व्हत्या की ताई.”

“ती मी नव्हते.”

तो खाली बघत होता. “कळलं व्हतं मला. दारातच कळलं. तुम्ही आल्या की आधी मोबाईल काढून पुढं ठेवता, रेकॉर्डिंग चालू करता. तिनं काय काढलं नाय. हात मोकळेच.”

“मग बसू का दिलंत तिला?”

“रस्त्यावर गाडी उभी व्हती. आत दोघं जण. काचा वर.” त्यानं घराच्या दाराकडे पाहिलं. दारात सहासात वर्षांची एक मुलगी उभी होती, शाळेच्या गणवेशात. दोन वेण्या, घट्ट आणि सारख्या, टोकांना लाल रिबिनी. “ती काय वाईट बोलली नाय ताई. तेच तर. दम दिला असता तर मी पण बोललो असतो. तिनं पोरीला जवळ बोलावलं. नाव विचारलं, शाळा कोणती, गाडी कितीला येते, बाई कोण. कंगवा मागितला. पोरीच्या वेण्या घातल्या. लय माया करून घातल्या. पोरगी सोडवूच देईना रात्री, तशीच झोपली.”

त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, “तिच्या पिशवीत रिबिनी व्हत्या. नव्या. आमच्या शाळेला लालच लागती, हे तिला कसं ठावं?”

मुलगी अवंतीकडे टक लावून बघत होती. मग तिनं आईला विचारलं, “कालच्या ताई कधी येनार?”

अवंतीनं कसंबसं विचारलं, “ती तुम्हाला काय म्हणाली, दत्तूभाऊ?”

“काय नाय. जाताना म्हणली, पुस्तकात छापलंय ते मी माझ्या मनानं छापलंय, तुम्ही काय बोलला नव्हता. जबाबाला यायची गरज नाय. मी म्हटलं, बरं. ती म्हणली, मग ठरलं. आणि गेली.”

“भाऊ, आपण पोलिसांत जाऊ. मी आहे. मी वकील देते, संरक्षण मागू...”

“ताई.” त्यानं पहिल्यांदा मान वर केली. “काल तुम्ही आल्या व्हत्या. तुम्ही म्हणल्या, यायची गरज नाय. मी तुम्हाला बरं म्हटलं. आपलं ठरलंय.”

“ती मी नव्हते. तुम्हालाही ठाऊक आहे.”

“ठाऊक हाय. पण तुम्हीच व्हत्या असं मी धरून चाललोय.” त्याचा आवाज अगदी शांत होता. “त्यात माझ्या पोरीचं बरं हाय.”

आम्ही उठलो. त्यानं पिशवीभर कांदे गाडीत ठेवले, आलेल्या पाहुण्याला देतात तसे. निघताना अवंती मुलीपाशी वाकली, तिच्या डोक्यावरून हात फिरवायला. मुलगी पटकन मागे सरली आणि दोन्ही वेण्या हातांत धरून उभी राहिली.

परतीच्या वाटेवर आम्ही चांदवडला थांबलो नाही, कुठेच थांबलो नाही. डोंगरांवर ऊन उतरत होतं. बऱ्याच वेळानं अवंती म्हणाली, “मी त्याच्याकडे तीनदा गेले होते. मुलीचं नाव मला आज कळलं.”

रविवारी तिचं दुसरं सत्र होतं. मी म्हटलं, आजारी आहे सांग, घरी जाऊ. ती म्हणाली, “मी नाही गेले तर ती जाईल.” थट्टा नव्हती ती. कालचीच ओढणी घेऊन ती मंचावर बसली. ठरलेला विषय बाजूला ठेवला आणि माईक हातात घेऊन सरळ सांगितलं, की माझ्या नावानं एक बाई फिरते आहे. माझ्यासारखी बोलते, माझी सही करते, माझ्याशी बोललेल्या लोकांच्या घरी जाते. कोणाचं नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. “माझ्याशी कधी बोलला असाल, तर यापुढे माझ्यावर सहज विश्वास ठेवू नका. दारात उभी करा. प्रश्न विचारा. मला राग येणार नाही.”

मग मागच्या रांगेतून एका गृहस्थांनी हात वर केला. चांगले सभ्य, स्वेटर घातलेले, वयस्कर. त्यांनी विचारलं, “मॅडम, मग आत्ता आमच्यासमोर बसलेल्या तुम्ही त्या नाहीत, हे आम्ही कशावरून समजायचं?”

लोक हसले. हसू मागच्या रांगांपासून पुढे आलं आणि पुढच्या रांगेत येऊन थांबलं. अवंतीही हसायला गेली. तिची दोन बोटं गळ्याशी गेली आणि तिथेच राहिली. मी पहिल्या रांगेत होते, आणि मी तिच्याकडे नीट बघत होते, हे तिनं पाहिलं.

निघायच्या आधी आम्ही पोलीस ठाण्यात तक्रार दिली. ड्युटीवरचे साहेब सौजन्यानं वागले, चहाही मागवला. त्या बाईला समोरून, विनामास्क पाहिलेली आम्हा दोघींपैकी मी एकटीच होते, म्हणून त्यांनी मला वर्णन विचारलं. उंची? मी सांगितली. अंगकाठी? सांगितली. चेहरा? मी बोलायला लागले. रुंद कपाळ, नाकाशी डावीकडे बारीक तीळ, भुवया जोडलेल्या. साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि शेजारी बसलेल्या अवंतीकडे पाहिलं. म्हणाले, “हे तर यांचंच वर्णन आहे.” मी डोळे मिटले. तो दुसरा चेहरा मी लख्ख उन्हात पाहिला होता, तो दुसराच होता हे मला पक्कं माहीत होतं. पण आठवायला गेले की अवंतीच येत होती. आजही येते.

घाट उतरून ठाण्याला पोचलो. अवंतीला तिच्या इमारतीखाली सोडलं आणि ती लिफ्टमध्ये जाईपर्यंत थांबले.

या गोष्टीला दोनेक महिने झाले. दत्तू जबाबाला गेला नाही. अवंतीनंही त्याला पुन्हा गाठायचा प्रयत्न केला नाही. त्याचं घर तिथून हललं एवढं कळलं, कुठे ते विचारलं नाही. चौकशी तिथेच बारगळणार असं वाटत होतं, तोच सिंधूताईंचा फोन आला. आधी त्यांनी अवंतीला विचारलं, पहिल्या भेटीत मी तुम्हाला काय खायला दिलं होतं? अवंतीनं सांगितलं, भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा. मग त्या म्हणाल्या, “बंगल्यात कोण व्हतं ते मला नाय माहीत. पण माझ्या सासऱ्याला गाडीत बसवलं ते मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. कोणी बसवलं ते पण. तेवढं सांगितलं तर चालंल का? माझ्या वट्यावर बसून माझ्याच हातचं खाऊन गेली ती.” त्या गेल्या, आणि बघितलं तेवढं सांगून आल्या. त्याचं पुढे काय होईल ठाऊक नाही. चौकशी मात्र चालू आहे.

नाशिकला जा. खरंच जा, थंडीतच जा. द्राक्षं गोड असतात, मिसळ झणझणीत असते आणि पुस्तकांना गर्दी करणारं शहर बघून बरं वाटतं. माझ्याबरोबर जे आलंय ते शहराचं नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी दाराची बेल वाजली. भिंगातून पाहिलं तर अवंती. हातात भाजीची पिशवी, चेहरा उन्हानं लाल. तिनं येणार असं कळवलं नव्हतं. माझा हात कडीवर गेला आणि तिथेच थांबला. मी आतून विचारलं, “कोण?”

“मी.”

“हॉस्टेलमध्ये आपल्या खोलीचं कुलूप कोणी तोडलं होतं?”

जिन्यात कुणीतरी चढत होतं, ते थांबून तिच्याकडे बघत असावं. मग ती म्हणाली, “तू. हातोडी मेसमधून मी आणली होती.”

मी दार उघडलं. मला वाटलं ती चिडेल, निदान हसेल. ती आत आली, चप्पल काढली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, “दर वेळी वेगळं विचारत जा. हे आता जिन्यातल्या माणसानं ऐकलंय.”